बाल संरक्षणातल्या नोंदी आणि माहितीची देवाणघेवाण: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात, आशाताईंच्या बैठकीत, मुख्याध्यापकांच्या सभेत हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. इथली उत्तरं बाल न्याय अधिनियम 2015 आणि पॉक्सो कायदा 2012 (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) यांना धरून आहेत, पण लिहिली आहेत ती जिल्ह्यात रोज फिरून काम करणाऱ्या माणसासाठी. उदाहरणं रचलेली आहेत. त्यांत कुणा एका मुलाची ओळख शोधू नये.

सगळंच लिहीत बसलो तर मुलाला वेळ कधी देणार?

सगळं लिहायचं नाही. काय पाहिलं, कुणी काय सांगितलं, त्यावरून काय ठरवलं आणि ते का ठरवलं, एवढं आलं पाहिजे. आपल्याकडच्या फायलींत पहिल्या दोन गोष्टी कशाबशा सापडतात, चौथी जवळजवळ नसतेच. "गृहभेट दिली", "समुपदेशन केले", "पालकांना समज दिली" या तीन वाक्यांवर फायलीच्या फायली उभ्या आहेत. समज कसली दिली? बापाला दिली की आजीला? त्यावर ते काय म्हणाले? सहा महिन्यांनी तुमच्या जागी आलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. मग तो त्याच घरी जाऊन तेच प्रश्न विचारतो आणि पोराला तीच कहाणी परत सांगावी लागते. या शेवटच्या गोष्टीसाठी नोंद नीट असायला हवी, कागद तपासणाऱ्या अधिकाऱ्यासाठी नव्हे.

"निर्णयाची नोंद" म्हणजे नेमकं काय लिहायचं?

समजा, शिरोळ तालुक्यातली अकरा वर्षांची मुलगी मावशीकडे राहते. दिवाळीपासून शाळेत नाही, म्हणून शाळेनं कळवलं. नेहमीची नोंद अशी असते: "गृहभेट दिली. घरची परिस्थिती हलाखीची. मुलीस मावशीकडे ठेवणे योग्य वाटते."

आता हीच भेट अशी लिहून बघा (यातली समिती म्हणजे बालकल्याण समिती, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती):

"दुपारी चार वाजता मावशीच्या घरी गेले. मुलगी भांडी घासत होती. उजव्या मनगटावर साधारण दोन इंचांचा, खपली धरलेला चटका दिसला. मावशी म्हणाली, 'भाकरी करताना तव्याला लागला.' मुलीला अंगणात वेगळं बसवून विचारलं, 'हाताला काय झालं?' ती गप्प राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, 'मावशी मारत न्हाई, पर शाळंला सोडत न्हाई. बाळाला कोण बगणार म्हणती.' आज तिला इथून हलवायचं नाही असं ठरवलं. कारणं: तिला मावशीची भीती वाटत नसल्याचं बोलण्यावरून आणि वागण्यावरून दिसलं, घरात काका सध्या नाहीत, शेजारी आत्या राहते आणि ती रोज बघायला तयार आहे. दुसरा पर्याय बालगृहात तात्पुरतं ठेवण्याचा होता. शाळा आणि धाकटा भाऊ दोन्ही तुटतील म्हणून तो घेतला नाही. चटक्याचं कारण नक्की कळलेलं नाही. उद्या आत्यासोबत ग्रामीण रुग्णालयात दाखवायचं. शुक्रवारी परत भेट. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं किंवा मुलगी सोमवारी शाळेत आली नाही, तर लगेच बालकल्याण समितीपुढे. वरिष्ठांशी साडेपाचला फोनवर बोलले, त्यांना हे पटलं. समितीला आजच लेखी कळवलं."

लिहायला फार तर पंधरा मिनिटं जास्त लागतील. पण यातून चार गोष्टी कळतात ज्या पहिल्या नोंदीतून कधीच कळल्या नसत्या: कशाच्या आधारावर ठरवलं, कोणता पर्याय नाकारला, काय अजून माहीत नाही आणि कशामुळे निर्णय बदलेल. नाकारलेला पर्याय लिहायला लोक कचरतात, कारण उद्या तोच बरोबर निघाला तर आपण सापडू अशी भीती असते. उलट आहे. त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवर विचार करून ठरवलं होतं हे दाखवणारा तोच एक कागद असतो.

मुलाला संस्थेत ठेवण्याच्या निर्णयात तर हे फार महत्त्वाचं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 3 मध्ये मूलभूत तत्त्वं दिली आहेत, त्यात संस्थेत दाखल करणं हा शेवटचा उपाय मानला आहे. म्हणजे आधी नातेवाईक, बालसंगोपन योजना (मुलाला कुटुंबातच सांभाळण्यासाठीची सरकारी मदत), प्रतिपालकत्व (दुसऱ्या कुटुंबानं तात्पुरतं सांभाळणं) यांचा विचार झाला का, आणि झाला तर ते का जमलं नाही, हे फायलीत दिसलं पाहिजे. "पालक सांभाळण्यास असमर्थ" एवढं पुरत नाही. पैशाअभावी असमर्थ असतील तर पैशाची मदत आधी, बालगृह नंतर.

मुलाचं बोलणं प्रमाण मराठीत लिहायचं ना?

नाही. जसं बोललं तसं लिहायचं. "त्यो मामा मला नगं तितं हात लावतोय" याचं "बालिकेने लैंगिक स्वरूपाचे गैरवर्तन झाल्याचे सांगितले" असं केलं की त्यातली मुलगी नाहीशी होते आणि पुरावाही पातळ होतो. पॉक्सोच्या कलम 26 नुसार पोलिस किंवा दंडाधिकारी मुलाचा जबाब नोंदवतात तोसुद्धा मूल बोलेल तसाच, आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ ठेवून. तो नियम आपल्या वहीलाही लावावा.

तुम्ही काय विचारलं तेही लिहा. "मामानं तुला त्रास दिला ना?" आणि "मामाकडे असताना काय काय झालं?" या दोन प्रश्नांना आलेलं "हो" किंवा उत्तर सारख्या वजनाचं नसतं. मूल गप्प बसलं, मान फिरवली, फ्रॉकचं टोक चघळत राहिलं, तर तेवढंच लिहा. त्याचा अर्थ लावून लिहू नका.

गडहिंग्लज, चंदगड, शिरोळ भागात काही मुलं कन्नड बोलतात. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हिंदी, भोजपुरी बोलणारी कुटुंबं आहेत. कुणी दुभाषा म्हणून मदत केली त्याचं नाव आणि मुलाशी नातं नोंदीत हवं. घरातल्याच माणसाला दुभाषा करू नका, ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो तोच असू शकतो.

आणि एक सांगते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर मूल आत्ता सुरक्षित आहे का, एवढं ठरवण्यापुरतंच विचारायचं. सविस्तर जबाब घेणं पोलिसांचं काम आहे. तो मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. आपण, शिक्षिका, सरपंच, डॉक्टर आणि मग पोलिस अशी पाच वेळा उजळणी झाली की सहाव्या वेळी मूल बोलेनासं होतं.

माझं मत लिहू की नको?

लिहा, पण मत म्हणून लिहा. "मला असं वाटतं, कारण…" अशी सुरुवात केली की आपोआप शिस्त येते. "बाई चालू आहे", "बाप बेवडा", "त्या वस्तीतली पोरं अशीच" असली वाक्यं फायलीत येता कामा नयेत. "बाप बेवडा" ऐवजी "दोन्ही भेटींत सकाळी अकराला तोंडाला दारूचा वास होता, मुलगा म्हणतो रोज संध्याकाळी पितो" हे लिहा. जात, धर्म, आईचं दुसरं लग्न यांचा निर्णयाशी संबंध असेल तरच उल्लेख करा आणि तो संबंध कोणता हे त्याच वाक्यात सांगा.

नोंद लगेच जमली नाही तर?

त्याच दिवशी लिहावी. नाहीच झालं तर घटनेची तारीख आणि लिहिल्याची तारीख, दोन्ही टाका. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही करा. व्हाइटनर नको, पान फाडणं तर मुळीच नको.

मी अंगणवाडी सेविका आहे. संशय आहे, खात्री नाही. कळवू का?

कळवा. खात्री करणं तुमचं काम नाही. पॉक्सोच्या कलम 19 नुसार गुन्हा झाल्याचं माहीत असलेल्या किंवा होण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीनं विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या किंवा कंपनीच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद. सद्भावनेनं दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हेही त्याच कलमात आहे.

हरवलेलं, टाकून दिलेलं, अनाथ मूल सापडलं तर बाल न्याय अधिनियमाचं कलम 32 लागू होतं: प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन), पोलिस ठाणं, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणालाही कळवायचं. बालविवाह ठरल्याचं कळलं तर ग्रामीण भागात ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. पण ग्रामसेवक त्याच लग्नाच्या पंगतीला जाणार असतील असं वाटलं, तर थेट 1098 फिरवा.

फोन केलात की तारीख, वेळ आणि पलीकडून कोण बोललं ते आपल्या डायरीत टिपून ठेवा. पोलिसांना दिलेल्या माहितीला नोंद क्रमांक मिळतो आणि ती लिहून तुम्हाला वाचून दाखवावी लागते. तो क्रमांक मागून घ्या. मागायला लाजू नका.

गावात माझं नाव फुटेल. मग काय?

ही भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. लहान गावात "कुणी सांगितलं" हे शोधणं अवघड नसतं, आणि त्याच गावात उद्या घरोघरी सर्व्हे करायला तुम्हालाच जायचं असतं. 1098 वर नाव न सांगताही माहिती देता येते. कार्यकर्त्यांनी आपल्या बाजूनं एवढं पाळावं: कळवणाऱ्याचं नाव गृहचौकशीच्या अहवालात लिहायचं नाही, कारण अहवालाचा सारांश पालकांना सांगितला जाऊ शकतो. ते वेगळ्या, बंद नोंदीत ठेवा. घरी गेल्यावर "अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलं म्हणून आलो" हे वाक्य तर तोंडातून निघताच कामा नये. आधी तालुक्याच्या फेरीत आणखी दोन घरं घेऊन मग त्या घरी जाणं, ही साधी युक्ती बऱ्याचदा पुरते.

मुलीनं शपथ घातली, "कुणाला सांगू नका." विश्वास कसा मोडू?

पाळता येणार नाही असं वचन आधी द्यायचंच नाही. बोलायला बसतानाच सांगावं: "तू जे सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुला कुणी इजा करत असेल, तर ते थांबवू शकणाऱ्या माणसांना मला सांगावं लागेल. कुणाला आणि काय सांगणार, ते आधी तुला सांगेन." मुलं हे समजून घेतात. चिडतात, रडतात, पण समजून घेतात. मग खरंच आधी तिला सांगा. आईला कळवायचं का, कसं कळवायचं, तिनं तिथं असावं का, याबद्दल तिचं म्हणणं विचारा आणि लिहा. तिच्या म्हणण्याविरुद्ध जावं लागलं तर का, तेही लिहा. मुलाचा सहभाग हे कायद्यातलं तत्त्व आहे. सहभाग म्हणजे शेवटचा शब्द मुलाचाच असं नव्हे, पण त्याचं म्हणणं निर्णयात कुठेतरी दिसलं पाहिजे.

सतरा वर्षांची मुलगी गर्भपातासाठी आली, मर्जीचे संबंध म्हणते. डॉक्टरांनी नाव कळवायचं का?

अठराच्या आत संमतीला कायद्यात अर्थ नाही, म्हणून कळवण्याचं बंधन सुटत नाही. या भीतीनं कित्येक मुली सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाहीत आणि भलतीकडे जातात. सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात यातून वाट काढली: मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना माहिती देताना तिचं नाव व ओळख पटेल असा तपशील द्यायची गरज नाही. हे तालुक्यातल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत असायला हवं. विनंती केल्याची नोंद मात्र रुग्णालयाच्या कागदात ठेवा.

गोपनीयता पाळायची म्हणता आणि माहिती द्या म्हणता. दोन्ही कसं जमायचं?

सगळ्यात जास्त घोटाळा इथंच होतो, म्हणून थोडं सविस्तर.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 99 नुसार समितीपुढचे अहवाल गोपनीय असतात. हे ऐकून घाबरलेला कार्यकर्ता शाळेला, दवाखान्याला, पोलिसांना काहीच सांगत नाही. हे कलम मुलाला चव्हाट्यावर येण्यापासून वाचवण्यासाठी आहे. त्याच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या माणसांनी एकमेकांपासून तोंड लपवावं, असा त्याचा हेतू नाही.

गप्प बसण्याची किंमत काय असते याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण लंडनचं आहे. व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आयव्हरी कोस्टहून आणलेली आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2000 मध्ये नातेवाइकांच्या छळानं मेली. त्याआधी ती समाजसेवा विभाग, पोलिस आणि दोन रुग्णालयांच्या नजरेखालून गेली होती. प्रत्येकाकडे तिच्याबद्दल थोडं थोडं होतं. ते एकत्र मांडून कुणी पाहिलं नाही. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल 2003 मध्ये आला आणि तिथल्या कायद्यात बदल झाले. आपल्याकडे विभाग वेगळे, नावं वेगळी, पण शाळेचं हजेरीपत्रक, उपकेंद्राचं रजिस्टर आणि पोलिसांची स्टेशन डायरी एकमेकांना न भेटण्याची गोष्ट तीच आहे.

मग किती सांगायचं? समोरच्याला मुलासाठी काय करायचं आहे, त्यासाठी लागेल तेवढं. वर्गशिक्षिकेला सांगा: "ही मुलगी सध्या आत्याकडे आहे. आत्याशिवाय कुणाबरोबर सोडू नका. चार दिवस लक्ष लागणार नाही, रागावू नका." काय घडलं हे तिला कळायची गरज नाही. सीपीआरच्या (कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या) डॉक्टरांना मात्र काय घडलं, कधी, आधी कुठे तपासणी झाली हे सगळं हवं; काका मटका खेळतो हे नको. पोलिसांना गुन्ह्याशी संबंधित माहिती द्यायची, समुपदेशनाच्या सगळ्या वह्या उचलून द्यायच्या नाहीत. त्या हव्या असतील तर लेखी मागणी आणि समितीची किंवा न्यायालयाची परवानगी घेऊनच. पॉक्सोच्या गुन्ह्यात पोलिसांनाही 24 तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावं लागतं. ते पत्र आलं का, हे समितीकडे विचारायला संकोच करू नका.

प्रत्येक वेळी एक ओळ लिहा: कुणाला, काय, कशासाठी, कोणत्या मार्गानं सांगितलं. न सांगण्याचं ठरवलं असेल तर तीही ओळ लिहा.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाचा फोटो टाकला तर लवकर ओळख पटते. त्यात काय वाईट?

एसटी स्टँडवर सापडलेल्या पोराचा फोटो रात्री आठला "विभागीय समन्वय" ग्रुपवर पडतो, साडेआठला तालमीच्या ग्रुपवर आणि नऊला भावकीच्या. पोर घरी पोहोचतं, फोटो दहा वर्षं फिरत राहतो. हेच मूल घरातल्या मारामुळे पळालेलं असेल तर मारणाऱ्यालाच पत्ता कळतो.

ओळख उघड करणं मुलाच्या हिताचं असेल तर समिती किंवा बाल न्याय मंडळ (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणं बघणारं) लेखी कारणं देऊन परवानगी देऊ शकतं, हे कलम 74 मध्येच आहे. म्हणून हरवलेल्या मुलाचा फोटो पोलिस आणि समितीमार्फतच जाऊ द्या. ग्रुपवर एवढंच: "एक बालक समितीपुढे हजर करायचं आहे, संबंधितांनी फोन करावा." अहवालाचे फोटो, आधार कार्ड, वैद्यकीय कागद ग्रुपवर कधीही नाही. भेटवस्तू वाटताना बालगृहातल्या मुलांसोबत काढलेले फोटोही याच कलमात येतात, देणगीदाराला वाईट वाटलं तरी.

पत्रकार किंवा पुढारी फोन करतात, काय सांगू?

पत्रकारांना नम्रपणे: "या प्रकरणावर मी बोलू शकत नाही." पॉक्सोचं कलम 23 त्यांनाही लागू आहे, नाव, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार यातलं काही छापता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 11 डिसेंबर 2018 च्या निपुण सक्सेना निकालात स्पष्ट केलं की दूरान्वयानंही ओळख पटेल असा तपशील देऊ नये. "करवीर तालुक्यातल्या अमुक गावच्या सातवीतल्या मुलीवर वडिलांच्या चुलतभावाकडून" असं छापलं की नाव न देताही सगळा गाव समजतो.

सरपंच, नगरसेवक, कारखान्याचे संचालक यांचा फोन आला तर त्यांना उत्तर देण्याआधी फोन आल्याची नोंद करा. "साहेब, तुमचं म्हणणं लेखी द्या, समितीपुढे ठेवते" म्हटलं की बहुतेक फोन थांबतात.

आईवडिलांना फाइल बघता येते का?

पूर्ण फाइल मागता क्षणी मिळत नाही. अहवालाचा सारांश मुलाला, पालकांना सांगायचा आणि त्यांना आपली बाजू मांडू द्यायची, हे समिती कलम 99 नुसार ठरवू शकते. पीडिताला मात्र स्वतःच्या प्रकरणातले कागद आणि आदेश नाकारता येत नाहीत. माझं म्हणणं असं की, जे घरावर परिणाम करणार आहे ते पालकांना सोप्या मराठीत, तोंडी, बसवून सांगावं: काय ठरलं, का ठरलं, आता त्यांनी काय करायचं, पुढची तारीख कोणती. समितीच्या कार्यालयातून बाहेर येणारी आई हातातल्या कागदाकडे बघत "पोरगी कधी देणार?" हे शिपायाला विचारते, तेव्हा आत कुणीतरी आपलं काम अर्धवट सोडलेलं असतं.

माहिती अधिकारात कुणी मुलाची फाइल मागितली तर?

तिऱ्हाइताला मुलाची वैयक्तिक माहिती द्यायची नाही. किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली, असे ओळख नसलेले आकडे द्यायला हरकत नाही. अर्ज जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या, परस्पर उत्तर देऊ नका.

ऊसतोडीच्या टोळीतलं मूल हंगाम संपताच निघून जातं. त्याच्या नोंदीचं काय?

बीडकडून, विजापूरकडून टोळ्या येतात, फडावर खोपी पडतात आणि गाळप संपलं की एका रात्रीत माळ मोकळा होतो. आपली फाइल तिथंच "कुटुंब स्थलांतरित" म्हणून बंद होते. ही सवय मोडायला हवी. पहिल्याच भेटीत मूळ गाव, तालुका, जिल्हा, गावाकडच्या शाळेचं नाव, मुकादमाचं नाव, कारखाना आणि गावी राहिलेल्या आजीआजोबांचा नंबर एवढं घ्या. नंतर हे मिळत नाही.

मूल समितीपुढे असेल तर कलम 95 नुसार ते मूळ जिल्ह्याच्या समितीकडे पाठवता येतं, परराज्यातलं असलं तरी. त्याआधी तिथल्या समितीशी बोलून घरची चौकशी करून घ्यायची असते. मुलासोबत फक्त आदेश पाठवू नका. एक पानाचा सारांश जोडा: काय घडलं, इथं काय केलं, औषध कोणतं चालू आहे, मुलाला कशाची भीती वाटते, कुणाजवळ सोडायचं नाही. निपाणी, बेळगावकडे जाणारा कागद मराठीत असेल तर तिकडच्या कर्मचाऱ्याशी फोनवरही बोला. मग पोच मिळाली का बघा, आणि पोच येईपर्यंत आपल्याकडची फाइल उघडीच ठेवा.

समितीचा निर्णय पटला नाही तर?

आधी आदेशाची प्रत घ्या आणि कारणं वाचा. अंतिम निकालाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर असावे लागतात, मतभेद झाल्यास बहुमत चालतं. वेगळं मत असलेल्या सदस्यानं ते रोजनाम्यात लिहावं, अपिलात त्याचा उपयोग होतो. सामाजिक तपासणी 15 दिवसांत आणि अंतिम आदेश पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवा.

आदेशाविरुद्ध 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या (मुलाच्या खर्चासाठी मदत देण्याच्या) निर्णयांवर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि समितीच्या कामकाजाबद्दल तक्रारही त्यांच्याकडेच. पुढं उच्च न्यायालयात जावं लागलं तर ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईची खेप वाचली. कार्यकर्त्याचं मत समितीपेक्षा वेगळं असेल तर अहवालात ते स्पष्ट लिहावं. बाहेर चहाच्या टपरीवर बोलून उपयोग नाही.

कागद कुठं ठेवायचे? आमच्या कार्यालयात पाणी आलं होतं.

2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेकाठच्या कार्यालयांना जे भोगावं लागलं ते आठवून फायली जमिनीलगतच्या कप्प्यात ठेवू नका. कुलूप हवं, चावी कुणाकडे त्याची नोंद हवी, स्कॅन केलेली प्रत पासवर्ड असलेल्या सरकारी यंत्रणेत हवी. स्वतःच्या मोबाइलच्या गॅलरीत किंवा घरच्या संगणकावर नको.

बदली किंवा राजीनामा असेल तर हस्तांतरण यादीबरोबर चालू प्रत्येक प्रकरणाचं अर्ध पान द्या: पुढची तारीख, अपुरं काम, काळजीची गोष्ट. शक्य असेल तर नव्या माणसाला मुलाकडे सोबत घेऊन जा. एवढं तरी त्या मुलाचं आपल्याकडे देणं लागतं.

मूल मोठं झालं आणि "माझ्याबद्दल काय लिहिलंय?" म्हणून आलं तर?

येतात. लग्न ठरताना येतात, पहिलं मूल झाल्यावर येतात, आई गेल्यावर येतात. दत्तक गेलेल्यांना अठराव्या वर्षानंतर आपल्या मुळाचा शोध घेता येतो, त्यासाठी दत्तक संस्था, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा केंद्रीय दत्तक प्राधिकरण यांच्याकडे अर्ज करायचा. जन्मदात्या आईनं स्वतःची ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ती उघड होत नाही. तिऱ्हाइतानं असा शोध घेता येत नाही.

बालगृहात वाढलेल्यांनी आपली फाइल मागितली तर समितीकडे अर्ज लिहून घ्या आणि पाठपुरावा स्वतः करा, त्यांना खिडकीखिडकीतून फिरवू नका. दुसऱ्या मुलांची, कळवणाऱ्याची नावं झाकून द्या. फाइल दाखवताना समुपदेशक शेजारी असावा, घाई नसावी, आणि वाचता न येणारं अक्षर कुणीतरी वाचून दाखवावं. "तुला त्या दिवशी आईपासून का वेगळं केलं" याचं उत्तर फायलीत असेल तर ते पान आधी काढून ठेवा, कारण बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच असतो.